डोंगर कोणत्या दिशेला

सातपुडा आमच्या उत्तरेला आहे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा आणि इतक्या चढ्या आवाजात म्हटलं आहे की आज ते लिहिताना माझे मलाच कान गरम झाल्यासारखे वाटतात. सारंगखेड्याच्या माणसाला दिशा विचारावी लागत नाही. घराबाहेर यायचं, मान वळवायची, निळी रांग दिसली की ती उत्तर. तिच्याकडे पाठ केली की समोर तापी, ती दक्षिण. सूर्य ढगात असो नाहीतर डोक्यावर, आमचं काही अडत नाही.

माझं लग्न झालं आणि हे पक्कं गणित बिघडलं. आमच्या लोकांच्या सोयरिकी डोंगराच्या दोन्ही अंगांना होतात. माझी बायको गजराबाई पलीकडची, निमाडातली. तिच्या गावाच्या पायाशी नर्मदा वाहते आणि पाठीशी सातपुडा उभा असतो. म्हणजे तिच्या माहेरी डोंगर दक्षिणेला. हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. लग्नात मानपान, आहेर, जेवणाच्या पंगती, सगळ्याची चर्चा झाली. डोंगर कुठल्या बाजूला आहे याची कोण करणार?

नवी नवरी घरात आली. तिसऱ्या दिवशी तिनं अंथरुणं घातली, आणि उशा डोंगराच्या बाजूला ठेवल्या. माझी माय बाहेर आली आणि ओरडलीच.

"व माय! उत्तरले डोकं तं मुडदानं करतस!"

गजरा गोंधळली. तिच्या हिशेबानं तिनं उशा दक्षिणेला ठेवल्या होत्या. तिनं डोंगराकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "डोंगर तं दक्षिणलेच ऱ्हास ना?"

सगळं घर हसलं. मी हसलो नाही. माझा राग नाकावर असतो. मी तिला ओट्यावर उभं केलं आणि सूर्य, डोंगर, तापी, सगळं दाखवून दिशा शिकवल्या. तिनं मान डोलावली. पुढच्या आठवड्यात "दक्षिणेकडच्या शेतातून भाजी आणली" म्हणाली, आणि भाजी होती डोंगराकडच्या शेतातली. पाच वर्षं हे असंच चाललं. ती आमची बोली शिकली, आमच्याकडची कळण्याची भाकरी शिकली, पण डोंगर काही तिनं हलू दिला नाही. आणि प्रत्येक वेळी मी ओरडायचो, "उत्तरले शे!"

या पाच वर्षांत ती एकदाही माहेरी गेली नव्हती. त्याला कारण एक घोडी.

लग्नानंतरच्या मार्गशीर्षात आमच्या गावच्या यात्रेला माझे सासरे रेवजीमामा घोडी घेऊन आले. पांढरीशुभ्र, चालायला लागली की बाजार थांबून बघेल अशी. त्यांनी ती आबांना, माझ्या वडिलांना, भेट दिली. चार दिवस आबा तिच्यावर बसून गावभर फिरले. पाचव्या दिवशी तिच्या तोंडावरचा शोभेचा पट्टा काढून तोंड धुताना त्यांना तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा दिसला. त्याला घोडेवाले आसूढाळ म्हणतात. अशा घोड्याचा धनी रडतो, असा समज आहे. आबा म्हणाले, व्याह्यानं मुद्दाम पट्ट्याखाली खोड लपवली. मामा म्हणाले, खोड घोडीत नाही, बघणाऱ्याच्या नजरेत आहे. झालं. मामा तशाच उपाशी पोटी उठून गेले, घोडी दुसऱ्या दिवशी विकली गेली, आणि आबांनी भर ओट्यावर शपथ घेतली, "आजपाईन या दारले घोडानं पाऊल लागाव नही."

आणि जिथून घोडी आली तिथं सून जाणार नाही, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही. आम्हाला ते कळलं.

घोडं नाही म्हणून मी सायकल घेतली. सायकलला पाऊल नसतं आणि डोळ्याखाली भोवराही नसतो. शहाद्याच्या शौकतनं ती सुरतेहून मागवून जोडून दिली. शौकत हा आमच्या मुलखातला पहिला सायकलवाला. त्याचे वडील टांग्यांना लोखंडी धावा बसवायचे, तो चाकांत हवा भरायचा. आबांनी सायकलभोवती दोन चकरा मारल्या, सीट दाबून बघितलं, आणि सवयीनं तिचे दातही मोजले, चक्राचे. मग म्हणाले, "बरी शे. चारा नही लागत." आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

मला त्या सायकलचा फार अभिमान होता. आजही आहे. दोन माणसं आणि एक पोतं घेऊन ती चिखलातून जायची आणि कधी रुसायची नाही. घरातल्या बाकी कोणाबद्दल असं म्हणता येणार नाही.

आता मुख्य गोष्ट. सन छत्तीस साल. नवरात्र उठलं आणि निमाडातून एक कापूस-व्यापारी निरोप घेऊन आला की गजराची आई अंथरुणाला खिळून होती, आता बरी आहे, पण लेकीची आठवण काढते. गजरा रडली नाही. तिनं आबांच्या ताटात भाकरी वाढली, पदर सावरला आणि उभ्या उभ्या सासऱ्यांना म्हणाली, "मामा, माहेरले नका धाडू. पन एकदाव माले नर्मदामायनं दर्शन करू द्या."

आबा बराच वेळ भाकरी कुस्करत राहिले. आमच्याकडे म्हणतात, गंगेत न्हावं, नर्मदेला पाहावं, तापीला नुसतं आठवावं, पुण्य सारखंच. नर्मदा नुसती दुरून दिसली तरी पुरते, तिच्यात उतरायला लागत नाही. आबांना इथं वाट सापडली. कोणाच्या दारात न जाता सुनेचं मन राखायची वाट.

"तोरणमाळवरतीन नर्मदा दिखस म्हनतस," ते मला म्हणाले. "लई जाय तिले. वरतीनच दखाड. पन एक बोल शे. दर्शन व्हयनं का माहेरनं नाव बंद. जलमभर."

गजरानं माझ्याकडे बघितलं. मी भाकरीकडे बघितलं. मला तो सौदा पसंत होता, हे इथं कबूल करतो. पाच वर्षं मी दोन दगडांच्या मधल्या धान्यासारखा भरडला जात होतो. एकदा दर्शन झालं की कटकट संपेल, असं मला वाटलं.

ती म्हणाली, "व्हयनं दर्शन, तं नाव काढाव नही."

दोन दिवसांनी उजाडताना आम्ही निघालो. गावात बायकोला सायकलवर बसवायची सोय नव्हती; लोकांनी वर्षभर तोंडी लावायला घेतलं असतं. म्हणून ती डोक्यावर पदर घेऊन पुढे चालली आणि मी सायकल हातात धरून मागून. शिवेवरच्या बाभळीपाशी मी टांग टाकली, ती मागे बसली, मांडीवर गाठोडं. त्यात भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चोळीचा खण, हळदकुंकू आणि एक नारळ. नर्मदेची ओटी भरायची होती.

पहिला कोसभर ती मला इतकं घट्ट धरून बसली होती की माझ्या सदऱ्याची बटणं तुटतात की काय असं झालं. मग उतार लागला, वारं लागलं, आणि मागून हसण्याचा आवाज आला. पाच वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. दोन्ही बाजूंना ज्वारी पुरुषभर उंच झाली होती, कपाशीला पहिली बोंडं फुटत होती, आणि समोर सातपुडा दर मैलाला थोडा थोडा मोठा होत होता. मी उगाचच घंटी वाजवली. रस्त्यावर कोणी नव्हतं.

शहाद्यात शौकतनं सायकल तपासली, मागच्या चाकात हवा भरली, आणि कॅरिअरवर जुन्या गोधडीची घडी बांधून दिली. पंप आणि पंक्चरचं सामान त्यानं न मागता गाठोड्यात टाकलं.

"वैनी, हाऊ रागमा चालाडस सायकल," तो गजराला म्हणाला. "चढ उना का उतरी जाज्यात. त्याले दम लागना तरी तो सांगाव नही."

आणि तसंच झालं. म्हसावदच्या पुढं चढ लागले. मला दम लागला आणि मी सांगितलं नाही. तीच आपणहून उतरली आणि मागून सायकल ढकलू लागली. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "तुम्ही बठा, मी ढकलस." मी उतरलो. मग आम्ही दोघं सायकलच्या दोन बाजूंनी चालत राहिलो आणि दिवस मावळायच्या आत डोंगराच्या पायथ्याशी राणीपूरला पोचलो.

तिथं करमसिंग राहायचा. तो पावरा, डोंगरातला माणूस. दरसाल आमच्याकडे ज्वारी कापायला यायचा. आमच्या शेतात तो हळू आवाजात बोलायचा, मान खाली घालून. इथं त्याच्या अंगणात तो वेगळाच वाटला. त्यानं आम्हाला खाटेवर बसवलं, मोहाच्या पानांवर गरम भाकरी आणि मिरची वाढली, आणि सायकल घरात, शेळ्यांच्या शेजारी, बांधून ठेवली. बांधून का, असं विचारलं तर म्हणाला, "सवय."

सकाळी आम्ही पायी चढायला लागलो. करमसिंग पुढं, मध्ये गजरा, मागं मी. मी पाटलाचा मुलगा, शेतात दिवसभर उभा राहणारा. पण त्या चढणीनं माझी मस्ती पहिल्या तासातच उतरवली. गजराचं मात्र पाऊल थांबत नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला, चपला हातात घेतल्या, आणि दगडावरून दगडावर अशी चालली की करमसिंगनंसुद्धा दोनदा मागं वळून बघितलं. "बाई डोंगरनी शे," तो म्हणाला. मला पहिल्यांदाच वाटलं की ही बाई आमच्या सपाटीवर पाच वर्षं कशी राहिली असेल.

आणि तो डोंगर! मी जन्मभर त्याला लांबून निळा बघितला होता. आतून तो निळा नसतोच. साग, सालई, बांबू, मधूनच दगडातून पाझरणारं पाणी, त्यावर शेवाळ, आणि कधी न ऐकलेल्या पाखरांचे आवाज. एका वळणावर खोल दरीत पाण्याची धार पडत होती, इतकी लांब की वरून निघालेलं पाणी खाली पोचेपर्यंत धूर होत होतं. करमसिंग म्हणाला, ती सीताखाई. मी गुडघे धरून उभा होतो, ते दमल्यामुळे की बघण्यासाठी, ते आता आठवत नाही. पण माझ्या तोंडून "वा!" असं मोठ्यानं निघालं आणि दरीनं ते परत केलं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. वर पोचलो तर सगळा माथा ढगात. चार हातांवरचं दिसेना. ढगातूनच एक तलाव उमटला, मोठा, शांत, काठावर कमळं. आम्ही त्याच्या कडेनं चालत राहिलो. गोरखनाथाच्या ठाण्यावर डोकं टेकलं. दुपार कलायला आली, सूर्याचा पत्ता नव्हता. करमसिंगची बहीण वरच राहायची. आमच्या मुक्कामाचं बघायला तो तिच्याकडे गेला. म्हणाला, तुम्ही फिरा, मी येतो.

इथं घोडं पेंड खायला लागलं. मी उभा राहिलो आणि सवयीनं उत्तर शोधायला मान वळवली. डोंगर कुठंच नव्हता. मी डोंगरावर उभा होतो. पायाखाली उत्तर असेल तर माणसानं करायचं काय? मी जागच्या जागी एक गिरकी घेतली. चारी बाजूंना ढग. इतकी वर्षं ओरडून ओरडून दिशा शिकवणारा मी, मला पूर्व कळेना.

गजराला मात्र काही शंका नव्हती. "या, अशा," ती म्हणाली आणि तरातरा निघाली. झाडं विरळ झाली, जमीन संपली, आणि आम्ही एका कड्यावर उभे राहिलो. खाली नुसता पांढरा ढग हलत होता.

"डोंगर पाठले, सपाटी समोर," ती म्हणाली. "मन्हं माहेर असंच शे. समोर नर्मदामाय व्हई."

मला वाटलं, ही तिकडचीच आहे, हिला कळत असणार. आम्ही बसून राहिलो. मग खालून वारं आलं आणि ढग फाटला.

काय दिसलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण सांगतो. पायाखाली हिरव्या टेकड्या एकमेकींना टेकून उतरत होत्या. त्या संपल्या की सपाट मुलूख, शेतांचे पिवळे-हिरवे तुकडे, गावांचे झाडांनी झाकलेले ठिपके. आणि पार शेवटाला, आभाळ जिथं जमिनीला लागतं त्याच्या अलीकडं, पाण्याची एक झगझगीत रेघ, वळणं घेत गेलेली. इतक्या लांबून पाणी असं चमकत असेल हे मला माहीत नव्हतं.

गजरानं डोळे भरून बघितलं. मग तिनं दगडावर खण ठेवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि डोळे मिटून हात जोडले. ती मोठ्यानं म्हणाली, "नर्मदामाय, मन्ही मायले संभाळ. आते मी तठे येवाव नही. माहेरनं नाव काढाव नही."

तेवढ्यात वरचाही ढग सरला आणि ऊन पडलं. माझ्या उजव्या गालावर.

मी उजवीकडं बघितलं. सूर्य तिथं होता, कलायला लागलेला. दुपारचा सूर्य पश्चिमेला कलतो, एवढं तरी मला येत होतं. पश्चिम उजव्या हाताला, म्हणजे तोंड दक्षिणेला. समोरची रेघ नर्मदा नव्हती. ती आमची तापी होती. त्या चमकत्या वळणांपैकी एकावर माझं घर होतं आणि ओट्यावर माझे आबा बसले होते.

गजराचे डोळे मिटलेलेच होते. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि चेहरा इतका निवलेला होता की मी तोंड उघडून परत मिटलं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. शपथ झाली. आबांचा बोल राहिला. मी काहीच केलं नव्हतं, एक शब्द खोटा बोललो नव्हतो. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला मेहनत लागत नाही. घरी शांतता, मला शांतता. तिलाही शांतता, तिला काय, दर्शन झालं असंच वाटणार होतं. कोणाचं काय बिघडत होतं?

तिनं डोळे उघडले, पुसले, आणि नारळाचा मोठा तुकडा मला दिला. लहान तिनं घेतला. आम्ही शिदोरी सोडली. ती बोलत होती, पाच वर्षांत बोलली नव्हती तेवढं. घाटावर तिची आई कुठं कपडे धुते, होडीवाला कसा गातो, परिक्रमेचे लोक येतात तेव्हा गाव त्यांना कसं जेवू घालतं. बोलता बोलता ती त्या रेघेवर बोट ठेवायची, "तठे, त्या वळनवर." ते बोट बहुतेक प्रकाशा या आमच्या पलीकडच्या गावावर होतं.

खोबऱ्याचा तो तुकडा मी चावत बसलो आणि मला कळलं की हा मी जन्मभर चावत बसणार आहे. ही आता कधी काही मागणार नाही. दिलेला शब्द ती पाळेल. तिची आई एक दिवस जाईल, आणि ही म्हणेल, माझं दर्शन झालं होतं. आणि मला माहीत असेल. घोडीची खोड पट्ट्याखाली लपवली म्हणून माझ्या बापानं पाच वर्षं घर धुमसत ठेवलं. आणि मी आत्ता काय लपवत होतो?

चारचौघांत आम्ही बायकोला नावानं हाक मारत नाही. घरातही मी "ए" म्हणायचो. तिथं कोणी नव्हतं.

"गजरा," मी म्हटलं, "हाई तापी शे."

ती हसली. तिला थट्टा वाटली. मग तिनं माझं तोंड बघितलं. मी सूर्याकडे हात केला, उजवा. ती काही वेळ त्या हाताकडे बघत राहिली, मग सूर्याकडे, मग त्या रेघेकडे.

"तुमले कवय समजनं?"

"ऊन पडनं तवयच."

"आनि इतला येळ बठी ऱ्हायनात?"

"हां," मी म्हटलं. "तू माहेरनं नाव सोडं, घरमा शांती व्हई, असं वाटनं. म्हनीसन बठी ऱ्हायनू."

ती रागात आली की माहेरच्या बोलीत बोलते. ती जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. त्यात मी, माझे आबा आणि पांढरी घोडी असे तिघंही होतो. मी ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला राग आला नाही. मग ती थांबली, दगडावरचं कुंकू बघितलं, आणि परत खाली, लांब, त्या पाण्याकडे.

"पाच वरीस पानी भरं मी तिनं," ती हळू म्हणाली. "एक नारय दिधा नव्हता. इतली देखनी शे, कोनी सांगंच नही."

मीही बघितलं. आठवलं की पुरे, या हिशेबानं आम्ही तापीकाठच्या लोकांनी तिच्याकडं कधी धड बघितलंच नव्हतं. ती आमच्या पायाशी वाहत होती, आम्ही डोंगराकडं बघून दिशा ठरवत होतो. इथून ती सोन्याची दिसत होती. मी हात जोडले. लाज वाटली, पण जोडले.

गजरानं गाठोडं बांधलं आणि उठून उभी राहिली.

"शपथ नर्मदाले घाली व्हती," ती म्हणाली. "आठे नर्मदा नही. मंग शपथ बी नही."

"नही," मी म्हटलं.

करमसिंग आला तेव्हा आम्ही त्याला विचारलं, नर्मदा कोणीकडे. त्यानं विचारल्याचंच नवल केलं. डोंगरातला माणूस उत्तर-दक्षिण म्हणत नाही; तो पाणी कुठं उतरतं ते सांगतो. "आठलं पानी तुमना गावले जास," तो कड्याकडं हात करून म्हणाला. मग पाठीमागं, झाडांकडं हात केला. "तठलं पानी नर्मदाले. आठेतीन नही दिखत. दोन दिन चालनं पडी."

"मंग सांगं काबर नही?" मी खेकसलो.

"तुम्ही इचारं काबर नही?"

मी उभा राहून हिशेब केला. कपाशी वेचायला आली होती. सायकल राणीपूरला शेळ्यांत. आबांना तिसऱ्या दिवशी परत येतो असं सांगितलेलं. आणि सासऱ्यांच्या दारात पाऊल टाकलं तर काय होईल, ते मला सूर्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं. गजरा काही मागत नव्हती. नुसती उभी होती, गाठोडं काखेत, त्या झाडांकडं तोंड करून.

"चाल," मी म्हटलं.

करमसिंगचा भाऊ सुरुपसिंग दुसऱ्या दिवशी खाली बाजाराला जाणार होता. त्याच्याबरोबर मी शौकतच्या दुकानी निरोप धाडला की आबांना कळवा: दर्शन अजून बाकी आहे. शौकत स्वतः सायकल मारत सारंगखेड्याला जाऊन आला. आबांनी त्याला चहा पाजला आणि एक शब्द बोलले नाहीत, असं त्यानं नंतर सांगितलं.

आम्ही गजराच्या माहेरी राहून परत आलो, तेव्हा माझ्याशीही ते दोन महिने बोलले नाहीत. मार्गशीर्षात यात्रा भरली आणि रेवजीमामा घोड्यावर बसून थेट आमच्या दारापर्यंत आले. आबा ओट्यावर होते. त्यांनी मामांना "बसा" म्हटलं नाही. बराच वेळ त्या घोड्याच्या डोळ्यांखाली बघत राहिले, मग मला म्हणाले, "घोडाले पानी दखाड." आमच्या घरात समेट असाच सुरू होतो.

पण मला सांगायचं आहे ते तोरणमाळहून निघाल्यावरच्या दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळचं. आम्ही दोन दिवस चाललो होतो, ओढ्यांतून, बांबूंतून, अनोळखी पाड्यांवर भाकरी खात. माझे पाय फुटले होते. करमसिंग डोंगराच्या शेवटच्या धारेवर थांबला, म्हणाला, आता तुम्ही जा, आणि मागं वळला. आम्ही दोघं पुढं गेलो. डोंगर संपला. खाली नर्मदा होती. रेघ नव्हे, नदी, रुंद, हिरवी, एवढी जवळ की होडीतला माणूस दिसत होता. सूर्य मावळत होता, माझ्या डाव्या हाताला.

गजरानं हात जोडले नाहीत. ती धावली नाही. ती माझ्याकडं वळली, पदरानं तोंडावरचा घाम पुसला, आणि विचारलं, "सांगा आते. डोंगर कोनीकडे?"

मी मागं वळून बघितलं. पाठीशी निळी रांग उभी होती. तीच.

"दक्षिणले," मी म्हटलं.